नळी धरून बसलेली बाई

त्या घरात कपडे धुवायच्या मशीनजवळ कुणीतरी बसायलाच हवं असे. हा घरचा कायदा होता. आणि 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे ठरवायला कधी बैठक भरली नव्हती.

कारण साधं होतं. तीन वर्षांपूर्वी मशीनची पाणी सोडणारी नळी भिंतीतल्या पाइपातून निसटली. साबणाचं पाणी धुण्याच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून बैठकीत आणि बैठकीतून जिन्यावर गेलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एक भिजलेला बूट हातात धरून वर आले.

"पाणी पाठवलंत, साबण पाठवलात, आता ब्रशही पाठवा," म्हणाले.

त्या दिवसापासून घरची सून मशीन चालू असेपर्यंत त्याच्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसू लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. संध्याकाळी सात वाजता. एक धुणं बावन्न मिनिटांचं. दार लोटलेलं, कारण आवाज फार. एक हात नळीवर.

निदान घरच्यांची तशी समजूत होती.

तिला सगळे दातवाली म्हणत. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, ती त्यात प्लास्टर ओतून साचे करायची आणि साच्यावर कवळी बसवायची. अठरा वर्षं झाली होती. शहरातले निम्मे म्हातारे तिच्या दातांनी हसत होते. तिचा स्वतःचा एक दात वाकडा होता, पण कारागिराचं घर नेहमी असंच.

साच्यावर नाव नसतं. फक्त नंबर. एवढ्यावरून तिला बरंच कळायचं. हा एकाच बाजूने चावतो. ही दातांत दोरा तोडते, शिवणकाम करत असणार. हा झोपेत दात खातो, दिवसभर कुणासमोर तरी गप्प बसत असणार. दात दिसले की तिला ओठ दिसायचे. ओठ दिसले की गाल. मग डोळे हवेसे वाटायचे, आणि ते तर ठशात येत नाहीत.

ते ती काढायची. शिसपेन्सिलीने, जाड वहीत. एका पानावर एक चेहरा. वर नंबर, खाली त्या माणसाबद्दल चार ओळी. सगळं मनचं.

पण कधी काढणार? सकाळी सासूबाईंच्या गोळ्या, सासऱ्यांचा चहा, मुलीचा डबा, नवऱ्याची हरवलेली किल्ली. दिवसभर लॅब. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. घर वाईट नव्हतं. सगळे प्रेमाचे होते. प्रेमानेच दर पाच मिनिटांनी हाक मारत.

"आई, माझी पट्टी कुठंय?"

"अगं, टीव्हीचा आवाज कमी कसा करायचा?"

"सूनबाई, काही नाही, सहज हाक मारली."

वहीत पहिल्या वर्षी दोन चेहरे झाले. दुसऱ्याला कान नव्हते.

मग नळी निसटली.

नवरा लिफ्टची देखभाल करायचा. वीस मजल्यांच्या इमारतीत अडकलेला पाळणा तो अर्ध्या तासात खाली आणायचा. घरातल्या नळाला मात्र एकच उत्तर होतं. "रविवारी बघतो." कुठला रविवार, हे त्याने कधी सांगितलं नाही. म्हणून पहिले तीन दिवस ती खरोखरच नळी धरून बसली. दुसऱ्या हातात काही नव्हतं, म्हणून वही घेतली. तीन धुण्यांत एक चेहरा पूर्ण झाला. कानांसकट. आणि तिच्या लक्षात आलं, या तीन संध्याकाळी तिला एकही हाक आली नव्हती.

रविवार आला आणि गेला. सोमवारी तिने लॅबमधून मुदत संपलेली पावडर आणि त्यात घालायचं पाणी मागून आणलं. कवळीचा हिरडीचा भाग ज्याने करतात तो गुलाबी मसाला. नळीच्या आणि पाइपाच्या सांध्याभोवती तिने तो बोटांनी थापला, कडा गुळगुळीत केल्या, सवयीने. दहा मिनिटांत दगड. ओढून पाहिलं. अक्कलदाढ परवडली. वास फार सुटला, तेव्हा बाहेर "नवीन फिनेल आहे" म्हणून सांगितलं.

तिने तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, नळी बसली म्हणून. ती उठलीही. दाराला हात लावला. तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला.

"तिला हाका मारू नका रे. नळी सुटेल."

ती परत बसली. वही उघडली.

अशी तीन वर्षं गेली. महिन्याकाठी एखादाच चेहरा मनासारखा उतरायचा, बाकीची पानं ती फाडून टाकायची.

लॅबमध्ये नोंदवहीवर एक मुलगी होती. साहित्यात पदवी घेतलेली, आणि आता 'वरची कवळी, खालची कवळी' असं लिहीत बसलेली. तिला सगळे नोंदवाली म्हणत. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत दातवालीने एक साचा पुन्हा बघायला वही लॅबमध्ये आणली. हात धुवायला गेली. परत आली तर नोंदवाली प्लास्टरच्या पोत्यावर बसली होती आणि वही तिच्या मांडीवर होती. डबा उघडा, घास तसाच.

"ही कुणाची?"

"माझी. तू पोत्यावरून ऊठ आधी, मागून पांढरी होशील."

ती उठली नाही. एकतीस चेहरे तिने एकामागून एक वाचले. सतराव्या नंबरच्या बाईखाली लिहिलं होतं, 'हिला गोड आवडतं, पण वाढताना ही स्वतःला विसरते. घरी सगळ्यांना वाटतं, हिला आवडत नाही.' नोंदवालीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. चार वर्षं ती पुस्तकांत माणसं शोधत होती. ती इथे, प्लास्टरच्या धुळीत, नंबर लावून ठेवलेली होती.

"ताई, हे कधी करता?"

"कपडे धुताना."

नोंदवालीला वाटलं चेष्टा करताहेत.

ती सुट्टीच्या दिवशी वाचनालयात मदतीला जायची. तिथली दारासमोरची लांब भिंत दर तीन महिन्यांनी गावातल्या एखाद्या माणसाच्या कामासाठी देत. पुढची पाळी रिकामी होती. सात आठवडे होते. नोंदवालीने परस्पर नाव देऊन टाकलं आणि मग पाया पडायच्या बेताने सांगायला आली.

"चाळीस तरी हवेत, ताई. भिंत मोठी आहे."

दातवाली रागवणार होती. त्याऐवजी ती बोटं मोजू लागली. नऊ चेहरे. आता एकही पान फाडायचं नाही. प्रत्येकाला तीन धुणी. सत्तावीस धुणी. आठवड्याला चार. सात आठवड्यांत अठ्ठावीस.

"एक धुणं शिल्लक राहतं," ती म्हणाली. "चालेल."

त्या दिवसापासून घरात कपडे मळायला वेळ मिळेना. पडदे धुतले. धुतलेले पडदे धुतले. सासरे शर्टाची बटणं मुठीत धरून बसले.

"सूनबाई, हा आज सकाळीच घातलाय."

"कॉलर बघा, बाबा."

"कॉलरला काय झालं?"

"काढा म्हणजे दाखवते."

असे दोन आठवडे गेले. चौतिसावा चेहरा अर्धा झाला होता. त्या शुक्रवारी नवरा घरी आला तो गालातल्या गालात हसत. हातात एक गुळगुळीत छापील कागद.

"डोळे मीट."

"भांडी घासतेय. मीटले तर फुटतील."

"बरं, उघडे ठेव. हे बघ. नवीन मशीन. रविवारी येतंय. नळी स्क्रूने आवळायची, हत्तीने ओढली तरी निघायची नाही. आणि आवाज? नाहीच. तू आता आमच्यात येऊन बसायचं. पाय वर करून." तो जरा थांबला. "तीन वर्षं बघतोय मी. तू आत एकटी त्या नळीला धरून. मला घास गोड लागायचा नाही. रविवारी बघतो, रविवारी बघतो म्हणत राहिलो. हा घे रविवार."

त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बरं झालं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चौतिसाव्या माणसाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला. खोडला. पुन्हा मोठा झाला. बावन्न मिनिटं संपली तेव्हा कागदाला भोक पडायचंच बाकी होतं.

शनिवारी दातवाली दोरीवरचे कपडे काढत होती, तेव्हा सासूबाई धुण्याच्या खोलीत आल्या. हातात उगाच एक टॉवेल. दार मागे ओढून घेतलं.

"उद्या मशीन येणार."

"हो, आई."

"मी त्याला सांगते, जुनंच बरं. नव्याने कपडे विरतात म्हणते. माझ्या नावावर खपेल. म्हातारीचा हट्ट."

दातवालीने वर पाहिलं.

"आई, तुम्हाला..."

"दुपारी तू लॅबमध्ये. ही फरशी पुसते कोण? तीन वर्षांत इथं थेंब सांडला नाही. आणि नळी धरणाऱ्या बाईच्या बोटांना पेन्सिलीचं काळं लागत नाही."

"मग बोलला कशा नाहीत?"

सासूबाईंनी टॉवेलाची घडी घातली. ती आधीच घातलेली होती.

"काय बोलायचं? मला कधी अशी नळी सापडली नाही. तुला सापडली, तर मी कशाला ओढू?"

आणि टॉवेल तिथेच ठेवून त्या गेल्या.

रविवारी नवं मशीन आलं. बसवणारा माणूस घाईतला होता. त्याने जुन्याची नळी धरून ओढली. नळी हलली नाही. पाय भिंतीला टेकवून ओढली. भिंत हलेल असं वाटलं.

"साहेब, ही निघत नाही."

"निघत नाही?" नवरा हसला. "अहो, ती तर नुसत्या हवेने निघते. सरका." त्याने लिफ्टच्या तारा ओढलेल्या हातांनी ओढलं. मग टॉर्च मागवला. दोघे आडवे होऊन बघू लागले.

"गुलाबी काहीतरी आहे," बसवणारा म्हणाला. "हिरडीसारखं."

सासरे इतका वेळ दारात उभे राहून सूचना देत होते. ते वाकले. नीट पाहिलं. मग तोंडात हात घातला, वरची कवळी काढली आणि नळीशेजारी धरली. तोच गुलाबी. त्यात त्याच बारीक लाल रेघा. ते काहीतरी म्हणाले, ते कुणाला कळलं नाही. त्यांनी कवळी परत बसवली आणि पुन्हा म्हणाले,

"हे आपल्याच घरचं काम आहे."

सगळ्यांनी दातवालीकडे पाहिलं. नवरा अजून जमिनीवरच होता.

"ही कधी बसवलीस?"

सासूबाई पुढे झाल्या. "त्याचं काय झालं, मीच तिला म्हटलं..."

"आई, थांबा." दातवालीने हात पुसले. पदरात घातलेलं खोटं तिने घेतलं नाही. "तीन वर्षांपूर्वी. पाणी सांडलं त्याच्या पुढच्या सोमवारी. तुमचा पहिला रविवार गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे तीन वर्षं नळी..."

"घट्ट होती."

"मी नंतर येऊ का?" बसवणाऱ्याने विचारलं.

"तुम्ही तुमचं काम करा," ती म्हणाली. साबणाच्या रिकाम्या खोक्यातून तिने वही काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "मी हे करत होते."

त्याने वही उघडली नाही. "मी साऱ्या कंपनीत सांगितलंय, माझी बायको आठवड्यातून चार दिवस नळी धरून बसते म्हणून. मला वाईट वाटायचं गं."

"मला दिसायचं. जितकं वाईट वाटायचं तुम्हाला, तितकं सांगणं अवघड व्हायचं."

"पण मागायचंस ना! वेळ दिला नसता का मी?"

"दिला असतास," सासूबाई म्हणाल्या. "आणि दर पाच मिनिटांनी विचारलं असतंस, झालं का म्हणून."

तेवढ्यात मुलगी बोलली. तेरा वर्षांची, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी.

"मी कितीदा दारापर्यंत येऊन परत गेले, आई. गणित विचारायचं असायचं."

"दार वाजवायचंस, बाळा."

"नळी सुटली असती ना."

दातवालीची पहिल्यांदाच दातखीळ बसली. ती मुलीजवळ गेली. बोलली तेव्हा आवाज साधा होता, लॅबमध्ये कवळीचं माप सांगताना असतो तसा.

"चूक झाली. वेळ घेतला ती नव्हे. लपवून घेतला ती. आता समोरून मागते. मला ती बावन्न मिनिटं हवीत. चार दिवस. मशीन चालू असो नसो, कपडे मळोत न मळोत. दार बंद. घराला आग लागली तर हाक मारा. पट्टी हरवली तर शोधा." मग मुलीकडे वळून, "आणि गणित आठ वाजता. रोज. त्यालाही सुट्टी नाही."

नवऱ्याने आता वही उघडली. एक पान उलटलं. दुसरं. चौदाव्या नंबरावर थांबला.

"हा मला लिफ्टमध्ये भेटतो."

"नाही भेटत. मी केलाय."

"मग एवढा ओळखीचा कसा?"

"चावण्यावरून."

त्याला हसू आलं. आलं ते त्याला आवडलं नाही, पण थांबवताही आलं नाही. "आणि माझं पान?"

"तुमचे दात लॅबमध्ये आलेत कुठे अजून? या सावकाश."

सासऱ्यांनी वही ओढून घेतली होती. त्यांना त्यांच्या कवळीचा नंबर पाठ होता. सापडलं पान.

"हे माझं नाक?"

"बाबा, नाक बघितलंच नाही असं समजून काढलं. फक्त दातांवरून."

"दातांवरून एवढं नाक येतं?" म्हणत त्यांनी खालच्या ओळी वाचल्या. 'याने तरुणपणी एकदा कुणाला तरी काहीतरी छान सांगायचं ठरवलं होतं. मग राहूनच गेलं.' त्यांनी चष्मा काढला. बायकोकडे पाहिलं.

"हिला कुणी सांगितलं?"

"मी नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला तरी कुठे सांगितलंत?"

बसवणाऱ्याने शेवटी नळी करवतीने कापली. गुलाबी कडं पाइपाच्या तोंडाशी तसंच राहिलं. नवी नळी त्यातूनच आत घातली आणि वरून पट्टा आवळला. ते कडं इतकं पक्कं होतं की त्याने विचारलं, हे कुठल्या दुकानात मिळतं.

चाळीस चेहरे वेळेत झाले, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. नोंदवालीने स्वतः खिळे ठोकले, दोन वाकडे. सतराव्या नंबरासमोर एक अनोळखी बाई तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली, हेही तिनेच पाहिलं. पण दातवालीला विचाराल तर ती भिंतीचं सांगत नाही. त्या सोमवारचं सांगते.

सोमवारी सात वाजता ती आत गेली. दार लावलं. स्टुलावर बसली. धुवायला काही नव्हतं. नवं मशीन शहाण्या मुलासारखं गप्प उभं होतं. इतकी शांतता तिला झेपेना. बाहेरचा चमचा ऐकू येत होता, सासऱ्यांचा खोकला, मुलीच्या खुर्चीचा पाय. आपण इथे काय करतोय, असं कुणी विचारलं तर? ती उठली, दोन स्वच्छ नॅपकिन मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं. पाणी येऊ लागलं.

मग तिला स्वतःचीच गंमत वाटली. मागितलं, मिळालं, आणि ही अजून कारण धुतेय. तिने बटण बंद केलं. ओले नॅपकिन पिळून दोरीवर टाकले. हात कोरडे केले. वही उघडली. चौतिसावा माणूस एका मोठ्या डोळ्याने तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग कळलं. डोळा मोठा नव्हता. दुसरा लाजत होता. तिने पेन्सिलीला टोक केलं.

बाहेर बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते.

"वहिनी आहेत का? कवळीचं जरा विचारायचं होतं."

"आहे, पण नऊनंतर या," सासरे म्हणाले. "ती नळी धरून बसलीय."

"पण नवीन मशीन आलं ना तुमच्याकडे?"

"मशीन नवीन आहे. नळी जुनीच."

गृहस्थांनी खाली वाकून आपले बूट पाहिले.